टोपलीत घालणारा हात

४ जानेवारी

मावशी,

नमस्कार नंतर. आधी भांडण.

"घर सांभाळ, झाडांना पाणी घाल, हवालदाराला दोन वेळा खायला दे," एवढं सांगून तू ताईचं बाळ सांभाळायला निघून गेलीस. घर मी सांभाळते आहे. झाडंही जिवंत आहेत. पण तुझा हा लाडका बोका खात नाही, हे सांगायला तुझ्या जिभेला काय झालं होतं? वाटीजवळ जातो, वास घेतो, एक घास उजव्या बाजूने कसाबसा चावतो आणि मान वाकडी करून बाकीचं जमिनीवर टाकतो. तोंडातून लाळ गळते. तुझ्या शिवणयंत्रावरच्या कापडावर डाग पडलेत. मी तोंडाला हात लावायला गेले तर असा फिस्कारला, की जणू मीच त्याच्या घरात चोरी करायला आले आहे.

शेवटी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, वय किती? मी म्हटलं, म्हातारा आहे. वजन? जड आहे. लस कधी दिली होती? मला काय ठाऊक! "बोका तुमचाच आहे ना?" हे मी चष्म्याच्या दुकानात, भर गिऱ्हाइकात उभी राहून ऐकून घेतलं. आमचा मालक काच पुसल्याचं नाटक करत सगळं ऐकत होता.

तरी बाईंनी दोन दिवसांनंतरची वेळ दिली. मालकाची बोलणी खाऊन अर्ध्या दिवसाची रजा काढली. सकाळी माळ्यावरून तुझी वेताची टोपली खाली काढली, आणि ती नजरेला पडायचा अवकाश, हवालदार कपाटावर! मी स्टुलावर, तो कपाटावर, आणि दवाखान्याची वेळ टळून गेली तरी आम्ही दोघं तसेच. माझ्या दोन्ही हातांची चाळण झाली आहे. फोन करून वेळ रद्द केली, तर बाई म्हणतात, "टोपली त्याच दिवशी काढलीत होय? अहो, त्यालाही डोकं असतं." म्हणजे आता बोक्याला डोकं आहे आणि मला नाही.

पुढची वेळ २१ तारखेची मिळाली आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही, मोबाईलवरचं तू वाचत नाहीस, म्हणून हे पत्र. लगेच कळव. वय, लस, आणि या दांडगटाला टोपलीत घालायचं कसं.

तुझी भाची


९ जानेवारी

चष्मेवाले,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन-तीन हे पत्र लिहिता लिहिता परत घेते आहे.

डॉक्टरला फोन करायला तुला कोणी सांगितलं होतं? बोका माझा, घर माझं, आणि हिला उचापती! तो नखरेल आहे, दुसरं काही नाही. गेल्या उन्हाळ्यापासून तो एकाच बाजूने चावतो. त्यात काय बिघडलं? दुसरी बाजू शाबूत आहे ना? वय झालं की तोंडाचं असं व्हायचंच. मऊ करावं, दुधात कालवावं, पुढ्यात ठेवावं. खाणारा खातो. मीही हल्ली दुधात बुडवलेला पाव खाते, म्हणून मला कोणी टोपलीत घालत नाही.

पण तू माझ्या बहिणीची लेक. एकदा मनात घेतलंस की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकणार नाहीस. जायचंच असेल तर निदान नीट जा, आणि माझ्या बोक्याचे हाल करू नकोस.

हे पत्र मिळाल्याबरोबर टोपली बाहेरच्या खोलीत मधोमध मांड, झाकण उघडं. तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याबद्दल बोलायचं नाही. जन्मापासून ती तिथेच आहे असं वागायचं. आत माझी जुनी शाल घाल, न धुतलेली. रोज त्याच्या आवडीचं काहीतरी तिच्यात टाकत जा. तो आपल्या पायांनी आत जाऊन बसेल, कोणी बसवलं असं त्याला वाटता कामा नये. जायच्या आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नको, त्याने घर डोक्यावर घेतलं तरी. आणि गोड बोलायचं नाही. 'माझा राजा, माझा सोन्या' सुरू केलंस की त्याला लगेच कळतं, काहीतरी काळंबेरं आहे. रोजच्यासारखी खेकसत राहा. ते तुला जमेल.

आता मुख्य गोष्ट. खायला घालणारा हात आणि टोपलीत घालणारा हात एक असता कामा नये. ज्या हाताने झाकण लावलं, त्या हातचं तो पुढे कितीतरी दिवस खात नाही. उपाशी राहील, पण खाणार नाही. म्हणून इतक्या वर्षांत मी त्याला स्वतः एकदाही टोपलीत घातलेलं नाही. ते काम खालच्या कुलुपवाल्याचं. मी सांगितलंय म्हण, करेल.

वय बारा. लशीचा कागद शिवणयंत्राच्या खणात आहे.

इथे सगळं ठीक. माझी लेक मात्र हल्ली भलतीच मायाळू झाली आहे. उठता-बसता 'आई, आई' करते, हातात हात घेऊन बसते. मला नाही आवडत असलं. जन्मात कधी केलं नाही ते आताच का?

मावशी


२३ जानेवारी

मावशी,

गेल्या उन्हाळ्यापासून?

मी ते वाक्य चारदा वाचलं. गेल्या उन्हाळ्यापासून तो एका बाजूने चावतो आहे, तू बघते आहेस, आणि काय केलंस? दुधात कालवलंस!

तुझ्या सगळ्या सूचना पाळल्या, ते आधी सांगते. टोपली खोलीच्या मधोमध. दोनदा मीच तिला अडखळून पडले. शाल आत. खेकसणं चालू. तुझा कुलुपवाला मात्र फितूर निघाला. त्याने शर्टाची बाही वर केली आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा वण दाखवला. "ही मागच्या वेळची निशाणी. मावशींना सांगा, जगातलं म्हणाल ते कुलूप उघडीन, पण ते झाकण लावणार नाही." मग आम्ही कामं वाटून घेतली. दोन वेळचं खायला घालायला तो येतो, ओट्याशी उभा राहून माझ्या चहालाही नावं ठेवतो. आणि झाकण लावलं मी. म्हणजे तुझ्या घरात आता वाईट कोण, तर मी. हवालदार माझ्याकडे पाठ करून बसतो. मी खोलीत आले की उठून जातो.

दवाखान्यात आमच्या आधी एक कासव होतं आणि त्याला घेऊन आलेले आजोबा कासवापेक्षा जास्त घाबरलेले होते. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी हवालदाराला टॉवेलमध्ये गुंडाळलं, जबडा उघडला आणि मला आत बघायला लावलं. डावीकडची वरची दाढ मुळापर्यंत किडली आहे. हिरडी सुजून लाल झाली आहे, पू हाडाकडे चालला आहे. "कधीपासून आहे हे?" असं त्यांनी विचारलं. आता मी खोटं बोलू का खरं? खरं बोलले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुझ्या वाट्याची होती, मावशी. मी फुकट खाल्ली ती.

भूल देऊन दाढ काढावी लागेल. नाही काढली, तर दुखण्यापायी तो खाणंच सोडेल, आणि उपाशी मरेल. त्याचं वय झालंय, भुलेत धोका आहे, पण रक्त तपासलं, ते बरं आहे. तोवर गोळ्या चालू केल्या आहेत. वेळ १ फेब्रुवारीची घेतली आहे. बाई म्हणाल्या, मालकिणीचा होकार घ्या. म्हणून विचारते. हो म्हण, आणि लवकर म्हण.

तुझी भाची


२८ जानेवारी

चष्मेवाले,

नाही.

होकार नाही, परवानगी नाही, काही नाही. माझ्या बोक्याच्या तोंडात कोणी हत्यार घालायचं नाही. जे आहे ते आहे तिथे गुमान बसलेलं असतं. त्याला एकदा सुरी लागली की ते चवताळतं आणि पसरतं. मला शिकवू नकोस, मी पाहिलंय. माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, गालात असंच काहीतरी झालं होतं. चालती-बोलती होती, घर चालवत होती, माणसांचे कपडे शिवून देत होती. नेली डॉक्टरकडे. चिरलं त्यांनी. पाऊस संपायच्या आत गेली. चिरलं नसतं तर आणखी दहा वर्षं मशीन चालवली असती तिने.

तेव्हा ती वेळ रद्द कर. तुझ्या त्या डॉक्टरीणबाईला म्हणावं, स्वतःचे दात उपट.

आणि इथे तर कहरच चाललाय. काल लेक मला म्हणते, "आई, जरा तोंड उघडून दाखव." मी काय बाजारातली घोडी आहे, दात मोजून घ्यायला? मी म्हटलं, तुझं बाळ बघ, त्याला दात येतायत. तर डोळ्यांत पाणी आणून आत निघून गेली. जावईबापू तर मला बघितलं की वर्तमानपत्र उघडतात. ज्याच्या घरी यावं त्याने असं तोंड फिरवावं? मला इथे राहायची हौस नाही.

बोक्याला पाव दुधात कालवून दे. आणि तुझ्या उद्योगातून त्याला सोड.

मावशी


३ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र १ तारखेला सकाळी मिळालं. मी जिन्यात होते. एका हातात टोपली, आत हवालदार बोंबलतोय, आणि दुसऱ्या हातात तुझं 'नाही'. तिथेच उभी राहून वाचलं. मग ते पत्र खिशात कोंबलं आणि त्याला घेऊन गेले.

दाढ काढली. तो जागा झाला, टॉवेलमधून मान बाहेर काढून सगळ्या दवाखान्याला शिव्या दिल्या. काल संध्याकाळी कुलुपवाल्याच्या हातून अख्खी वाटी खाल्ली, दोन्ही बाजूंनी. काय करायचं ते कर माझं.

पण हे पत्र बोक्याबद्दल नाही.

जिन्यात ते पत्र वाचताना एकेक गोष्ट जुळत गेली. दुधात बुडवलेला पाव. 'तोंड उघडून दाखव.' आजीच्या गालातलं 'काहीतरी'. दवाखान्याच्या बाकावर बसून मी ताईला फोन केला आणि एवढंच विचारलं, "मावशीच्या तोंडाला काय झालंय?" ताई रडायलाच लागली. मग रडत रडत सगळं सांगितलं.

मावशी, तू बाळ सांभाळायला गेलेली नाहीस. ताईचं बाळ पाळणाघरात जातं. ताईने तुला तिथे नेलंय, कारण तुझ्या गालाच्या आत फोड आहे, गेल्या उन्हाळ्यापासून आहे, बरा होत नाही आणि वाढतो आहे. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायचं म्हटल्यापासून तू तिकडे फिरकली नाहीस. एकदा वेळ घेतली तर तुझं पोट बिघडलं. एकदा हॉस्पिटलच्या दारातून मागे फिरलीस, म्हणालीस चप्पल तुटली. आणि एकदा सकाळी उठून बाजारात गेलीस ती दुपार कलल्यावर उगवलीस, हातात एक लिंबू घेऊन! हवालदार निदान कपाटावर तरी चढतो. समोर दिसतो तरी.

मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाला दिसत नाही असं नाही. मला इतका राग आलाय की काल दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी माझ्या हातात मोडली. मला तू बोका दिलास, घराची किल्ली दिलीस, झाडं दिलीस, आणि ही एक गोष्ट दिली नाहीस? आईच्या मागे मला कोण आहे, मावशी? मोजून दाखव.

आणि आजीचं. आजी चिरल्यामुळे गेली नाही. तिने वर्षभर पदर तोंडाला लावून ते लपवलं, आणि नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. आई मरेपर्यंत हेच म्हणत होती, की आम्ही दोघी बहिणींना दिसत होतं आणि आम्ही बोललो नाही. त्या दोघी बहिणींतली एक तू आहेस.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

आजपासून तू माझी कोणी नाहीस.

घराची किल्ली कुलुपवाल्याकडे दे आणि तुझं सामान उचल. माझं तोंड माझं आहे. त्यात काय आहे आणि काय नाही, ते मी बघीन. माझी लेक आणि माझी भाची माझ्या पाठीमागे फोनवर माझ्या गालाची चर्चा करतात! ज्यांना मी शिवणाचे तुकडे जोडून झबली घातली, त्या मला शहाणपण शिकवणार. आणि माझ्या मेलेल्या बहिणीला साक्षीला आणतेस? ती असती तर मी तिला विचारलं असतं, हेच वळण लावलंस का पोरीला?

तू फोन केलास आणि इथली तऱ्हाच बदलली. लेक आता गोड बोलत नाही. 'आई, आई' बंद. खेकसते माझ्यावर. आणि परवापासून माझी प्रवासाची बॅग तिने बाहेरच्या खोलीत आणून ठेवली आहे, मधोमध, उघडी. विचारलं, तर म्हणते, हवा लागू दे. माझी शाल तिच्यात टाकली आहे. काल माझी आवडती बडीशेपेची डबी त्यात सापडली, मी शोधून शोधून दमले होते. मला काय कळत नाही? मला घालवून द्यायचंय. सरळ तोंडावर सांगावं ना, आई, तू निघ. अशी डोळ्यांसमोर बॅग मांडून ठेवायची, हे कुठलं वळण?

तूच भरवलं असणार तिला. जाईन मी. कुठे जायचं ते माझं मी बघीन.


१३ फेब्रुवारी

मावशी,

मी कोणी नसले तरी पत्र लिहिणार आहे. किल्ली दिलेली नाही. देणारही नाही.

त्या बॅगेचं ऐक. ती तुला घालवून द्यायला नाही. तुझ्या ९ जानेवारीच्या पत्रातलं एक पान मी ताईला पाठवलं. बाहेरच्या खोलीत मधोमध ठेवायची, झाकण उघडं. आत शाल, न धुतलेली. रोज आवडीचं काहीतरी आत टाकायचं. तिच्याबद्दल बोलायचं नाही. गोड बोलायचं नाही. ओळखलंस का हे अक्षर कोणाचं आहे?

२७ तारखेची सकाळची वेळ घेतली आहे. आदल्या रात्रीनंतर काही खायचं नाही. तुकडा काढतील, तपासतील, मग पुढचं. डॉक्टरांनी ताईला सांगितलंय, कदाचित काहीच नसेल, कदाचित असेल, पण आणखी एक उन्हाळा घालवू नका.

एकच अडलंय. ताईला जमत नाही. रोज ठरवते, आज आईला तारीख सांगायची, आणि तुझ्या समोर बसली की तिचं अवसान गळतं. जावईबापू वर्तमानपत्र उघडतात ते तुझा राग म्हणून नाही, तुझी भीती म्हणून. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला त्या घरात कोणी तयार नाही.

हवालदार मजेत आहे. अंग धरलंय. माझ्या हातचं अजून खात नाही. काल मी वाटी पुढे केली तर पंज्याने उलटी केली आणि माझ्या डोळ्यांत डोळे घालून बसून राहिला. दुकानातून दमून आले होते, मी जमिनीवर बसून रडले. मग वाटलं, बस रागावून. जिवंत आहेस म्हणून रागावला आहेस.

तूही रागाव. हवं तेवढं.

तुझी (नको असले तरी) भाची


१८ फेब्रुवारी

चष्मेवाले,

मी काय बोका आहे?

तुझं पत्र वाचलं आणि त्या बॅगेला लाथ मारली. तिला काही झालं नाही, माझा अंगठा सुजला. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे बोक्यासाठी लिहिलेलं उचलून मलाच लावलंत! माझीच रीत, माझ्याच अक्षरातली, माझ्यावरच! दोघींना चांगलं बदडून काढावंसं वाटतं. जावईबापूंच्या हातातलं वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि सांगितलं, तोंड दाखवा, मी तुम्हाला खात नाही.

संध्याकाळी ती बॅग उचलून माळ्यावर टाकायला गेले. जड लागली. बघते तर आत शिवताना बोटात घालायचं माझं अंगुस्तान, माझी कात्री, वाचायचा चष्मा, झोपताना डोक्याला बांधायचा रुमाल. यातलं काही लेकीने ठेवलेलं नाही. तिला विचारलं. ती शपथेवर नाही म्हणाली. मीच ठेवलंय ते सगळं. येता-जाता, हातात असेल ते. मला पत्तासुद्धा नाही.

रागात आहे म्हणून सांगते, एरवी सांगितलं नसतं. मला भीती वाटते. आईचं तोंड मी धुवायचे, तुझी आई पाणी धरायची. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही. दिसत होतं, हे खरं आहे. तू ते लिहिलंस याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

काल रात्रीचं जेवण लेक घेऊन आली. हल्ली चमचा तीच धरते, माझ्या हातून चमचा दुखऱ्या बाजूला लागतो असं म्हणून. मी घास घेण्यापुरतं तोंड उघडलं. तिने आत पाहिलं, घास पुन्हा बारीक कुस्करला आणि तोच हात परत पुढे केला. तिला मी म्हटलं नाही, पण तुला सांगते. त्या हाताने मला नेलं, तर नंतर मी त्या हातचं खाईन की नाही, मला ठाऊक नाही. मी माझ्या बोक्यापेक्षा शहाणी नाही. आणि मला त्या हातचं खायचंय.

तेव्हा दुसरा हात लागणार. कुलुपवाला घाबरट आहे. तू नाहीस. शिवाय तुझ्यावर मी आधीच रागावलेली आहे, आणखी थोडं रागावले तर बिघडत नाही.

हवालदाराचं खाणं कुलुपवाल्याकडे सोपव, मालकाच्या तोंडावर रजेचा अर्ज मार, आणि २६ ला संध्याकाळपर्यंत इथे ये. रात्रीनंतर मी पाणी मागेन, देऊ नकोस. सकाळी मला ऐकू येणार नाही, माझी चप्पल तुटेल, माझं पोट दुखेल. जे सांगीन त्यातलं काही ऐकू नकोस. दंड धर आणि ने. मी ओरखडले तर ओरखडू दे. आणि नंतर कितीतरी दिवस मी तुझ्याशी बोलणार नाही, ते मनाला लावून घेऊ नकोस. बसून राहा तिथेच.

एक मात्र कर. दारात आल्यावर 'मावशी गं' करून गळ्यात पडू नकोस. खेकसतच ये. गोड बोललीस, तर मी जायची नाही.

मावशी